‘मासा नाही’ असं मी लिहून दिलं

९ एप्रिल २००१, सोमवार

पहाटे चार ते सहा इरिकोची डोकी मोडली. रोजचंच आहे. इबुकी बेटावरून ही करंगळीएवढी सुकी मासळी पोत्याने येते. प्रत्येकीचं डोकं नखाने उडवायचं, पोटातली काळी गाठ काढायची, नाहीतर रस कडू होतो. मग मालक ती पाण्यात उकळतात, गाळतात, आणि त्या रसात आमचा उदोन, म्हणजे गव्हाच्या जाड शेवया, पोहतात. साताच्या आत बाहेर रांग लागते. माझ्या बोटांचा वास आता साबणाने जात नाही.

इथे येऊन सात महिने झाले. एका जागी इतका कधी टिकलो नव्हतो. स्क्विडच्या बोटीवर तीन महिने, चटयांच्या कारखान्यात दोन, नागोयात पाच आठवडे. पाय खाजायला लागले की निघायचं, कुणाला सांगत बसायचं नाही. घरून पण असाच निघालो होतो. बाबा बागेत सफरचंदाच्या फांद्या छाटत होते, त्यांना पाठीमागून पाहिलं आणि स्टेशन गाठलं. काकू म्हणतात रोज दोन ओळी लिही, अक्षर सुधारेल. काकू म्हणजे मालकांची बायको, सादाए. ही वही त्यांनीच दिली.

आज दुपारी गर्दी ओसरल्यावर एक यात्रेकरू आला. यात्रेकरू रोजच येतात, अठ्ठ्याऐंशी मंदिरांची वाट आमच्या दारावरूनच जाते आणि सत्तरावं मंदिर नदीपलीकडे दिसतं. पण हा परदेशी. साठीच्या पुढचा, सावळा, हडकुळा, पांढरी मिशी. अंगात यात्रेचा पांढरा सदरा, हातात काठी. दारातच खाली बसला. बूट काढले तर मोजे रक्ताने चिकटलेले.

मालक ओरडले, “ए सफरचंदा! बघतोस काय, पाणी आण!”

(मी आओमोरीचा म्हणून मला सफरचंद म्हणतात. सात महिन्यांत नावाने हाक मारली असेल तर काकूंनीच.)

आजोबांनी पिशवीतून एक कार्ड काढलं. कुणीतरी जपानीत छापून दिलेलं: मी मांस, मासे, अंडी खात नाही. खाली चित्रं, त्यांवर फुल्या. पिशवीत पावाचे कोरडे तुकडे आणि दोन केळी, बाकी काही नाही. एवढ्या वाटेवर हा माणूस त्याच्यावरच चालत आला की काय!

मी म्हणालो, “मी करतो यांचं.” वाडगा भरला. वरची माशाची वडी काढून टाकली. सुक्या माशाचा कीस टाकायचा असतो, तो टाकला नाही. फक्त उदोन, गरम रस, कांद्याची पात. पैसे घेतले नाहीत. यात्रेकरूला दिलेलं दान असतं, त्याने ते नाकारायचं नसतं.

आजोबांनी कार्डावरच्या माशाच्या चित्रावर बोट ठेवलं, मग वाडग्यावर, आणि माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. नाही, मासा नाही.

त्यांनी बोटांनी थोडं पाणी घेऊन वाडग्याभोवती गोल फिरवलं, डोळे मिटले, ओठ हलले. मग पहिला घोट घेतला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मालक हळूच म्हणाले, “गरम लागलं वाटतं.” पण ते गरम लागल्याचं नव्हतं. तीन वाडगे खाल्ले. मला फार बरं वाटलं. एवढं बरं मला काम करताना कधी वाटलं नव्हतं.

१० एप्रिल, मंगळवार

आज दुकान बंद. पायांमुळे आजोबा मंदिरामागच्या यात्रेकरूंच्या खोलीत थांबलेत. मी तीनदा डबा नेला. सकाळी सोयाबीनचं मिसो सूप आणि भात, दुपारी उदोन, संध्याकाळी काकूंनी शिजवलेला भोपळा आणि मुळा. प्रत्येक वेळी ते माशाच्या चित्रावर बोट ठेवून माझ्याकडे बघतात आणि मी मान हलवतो. संध्याकाळी तर त्यांनी बोट ठेवलंच नाही. माझ्याकडे बघून नुसते हसले.

त्यांच्याकडे एक फोटो आहे. माझ्याएवढा मुलगा, डोक्यावर पिवळं हेल्मेट, मागे समुद्रावरचा मोठा पूल. तो फोटो ते सदऱ्याच्या आत, छातीशी ठेवतात.

मला एक कल्पना सुचली. पुढची सगळी दुकानं या माणसाला कार्ड बघून हाकलणार, नाहीतर कोरडा भात देणार. म्हणून मी त्यांच्या कार्डामागे लिहून दिलं. चार वेळा कच्चं लिहिलं, मग पक्कं:

“या आजोबांना मासे-मांस चालत नाही. पण पुढील गोष्टी चालतात: उदोन (वर काही न घालता), मिसो सूप, शिजवलेला मुळा, भोपळा, टोफू. यांत मासा नाही. आमच्याकडे त्यांनी हे खाल्लं आहे. कृपया पोटभर द्या. मिकामी कोहेई.” दुकानाचं नावही घातलं.

काकूंना दाखवलं. “अक्षर सुधारलंय रे,” म्हणाल्या.

११ एप्रिल, बुधवार

आजोबा सकाळी गेले. जाताना कार्ड कपाळाला लावलं, मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझे बाबाही असं कधी करत नाहीत. मालक म्हणाले, “बघ, आशीर्वाद मिळाला. आता तरी तुझ्या हातून कमी वाडगे फुटतील.”

१३ एप्रिल, शुक्रवार

काय लिहू.

पहाटे डोकी मोडत होतो. रेडिओ बंद पडला होता म्हणून असेल, हातातल्या मासळीकडे पाहिलं. रोज पोतंभर मोडतो आणि एकीकडेही कधी पाहिलं नव्हतं. डोळा होता तिला. चपटा, पांढरा. नखाखाली डोकं कट्‌कन तुटलं आणि मला आजोबांचं बोट आठवलं. चित्रावर, मग वाडग्यावर.

मासा नाही, असं मी त्यांना सांगितलं. पहाटे चारपासून मासेच मोडत बसलेल्या माणसाने सांगितलं. आणि ते खोटं नव्हतं, देवाशप्पथ नव्हतं. रस म्हणजे रस. आमच्याकडे कुणी रसाला मासा म्हणत नाही. पाण्याला जशी पाण्याची चव, तसा उदोनला रस. मिसो सूपातही तोच, भोपळ्यात, मुळ्यातही तोच.

सगळं आठवून बघितलं. भात सोडून मी त्यांना एकही बिनमाशाची वस्तू दिलेली नाही.

आणि तो कागद त्यांच्या पिशवीत आहे.

१४ एप्रिल, शनिवार

मालकांना सांगितलं. कणीक तुडवत होते. पिशवीत घालून पायाने तुडवतात, तेव्हा त्यांना बोललेलं चालतं.

“मालक, त्या परदेशी आजोबांच्या उदोनमध्ये मासा होता.”

“कुठला मासा? वडी काढली होतीस ना?”

“इरिको.”

ते थांबले. मग पुन्हा तुडवायला लागले. “तो रस आहे. मासा आम्ही गाळून फेकतो. मांजरं खातात.”

“पण मासाच ना तो?”

“तीन वाडगे खाल्ले म्हाताऱ्याने! अंगात जीव आला. नाहीतर कुठल्या तरी घाटात आडवा झाला असता. तू त्याला जगवलंस, सफरचंदा. आता डोकं नको फिरवू. अठ्ठ्याऐंशी झालं की नवस फिटेल, मग इकडे ये म्हणावं, वडी घालून खरा वाडगा देतो.”

काकू मोरीशी भांडी घासत होत्या. पाण्याचा आवाज बंद झाला.

“माझे वडील गेले तेव्हा आईने एकोणपन्नास दिवस इरिको घरात आणू दिला नव्हता,” त्या म्हणाल्या. “कोम्बु, ते समुद्रातलं शेवाळ, आणि सुक्या अळंबीचा रस करायची. मला माहीत होतं. डबे मीच भरले आणि मला आठवलं नाही.”

मालक म्हणाले, “तू आणखी नको सुरू होऊस.”

काकू पुन्हा भांडी घासायला लागल्या. पण दिवसभर माझ्याकडे बघितलं नाही. राग माझा की स्वतःचा, कळलं नाही.

१५ एप्रिल, रविवार

रांग वळणापर्यंत. विचार करायला वेळ नव्हता. तो आजोबांनाही नसेल, चालणारा माणूस चालतो. आतापर्यंत सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरावर असतील. दुपारी जेवले असतील. कागद दाखवून.

ज्याला कळलं नाही त्याला पाप कसं लागेल? लागलं तर मला लागेल. मग त्यांना सांगून काय मिळणार? कोरडा पाव खात घाट चढतील. शेवटचा डोंगर फार उभा आहे. न सांगणं ही दयाच झाली.

हे लिहून मी तीनदा वाचलं. बरोबर आहे. झोप मात्र आली नाही.

१७ एप्रिल, मंगळवार

दुकान बंद. सकाळी पिशवी भरली. ओसाकात एक ओळखीचा आहे, रस्त्याच्या कामावर घेतो म्हणाला होता. इथे तसेही फार दिवस झाले. पाय खाजत होतेच, आजोबांशी याचा काही संबंध नाही.

मागच्या दाराने निघालो तर काकू कपडे वाळत घालत होत्या. चादरीच्या पलीकडून पायच दिसत होते.

“कुठे?”

“जरा स्टेशनवर.”

“उन्हाळी कपडेसुद्धा घेतलेस जरा स्टेशनवर जायला.”

चादर बाजूला करून त्या समोर आल्या. चिमटा दातात होता, तो काढला.

“कोहेई, तू गेलास तर मालक दोन दिवस शिव्या देतील आणि दुसरा मुलगा ठेवतील. माझं काय, मी वह्या पुष्कळ आणून ठेवल्यात. पण त्या कागदावर सही कुणाची आहे?”

“माझी.”

“तो माणूस तुझं नाव दाखवून जेवतोय.”

मी म्हणालो, “मला त्यांची भाषा येत नाही. सांगणार कसं?”

“मासा नाही हे कसं सांगितलंस?”

मी पिशवी खाली ठेवली.

घरात गेल्या आणि बाहेर आल्या त्या कोम्बुचे तुकडे, सुकी अळंबी, दुकानातलं लहान पातेलं, एक वाडगा आणि एक गॅसची शेगडी घेऊन. सगळं माझ्याच पिशवीत कोंबलं, उन्हाळी कपडे काढून.

आणि मूठभर इरिको कागदात बांधून दिले. “हे दाखवायला.”

१८ एप्रिल, बुधवार

आगगाडीने ऐंशीव्या मंदिरापाशी उतरलो आणि वाटेवरच्या खाणावळीत विचारत निघालो. सापडणं अवघड गेलं नाही. सगळ्यांच्या लक्षात आहेत.

पहिल्या दुकानातली बाई: “ते मिशीवाले? परवाच आले होते! दोन वाडगे! आणि काय हो, जेवताना डोळे मिटून हात जोडतात. माझ्या नवऱ्याने चाळीस वर्षांत माझ्या जेवणाला हात जोडले नाहीत.”

दुसऱ्या दुकानातला म्हातारा: “कागद होता त्यांच्याकडे. कोंबडीने लिहिल्यासारखं अक्षर, पण माणूस भला असणार लिहिणारा. मी म्हटलं, एवढं लिहून दिलंय तर चिंता नको. रस जास्तच वाढला.”

“रस कशाचा तुमचा?”

“इरिकोचा! इथे दुसऱ्या कशाचा करणार?” मग जरा थांबून, “का रे?”

मी सांगितलं नाही. पाणी पिऊन बाहेर पडलो.

तिसऱ्या दुकानातल्या पोरीने तर त्यांचा फोटो काढून भिंतीला लावलाय. वाडगा दोन्ही हातांत धरलेला, वाफ, आणि वाफेमागे हसणारे आजोबा. गाल भरलेत. खरंच भरलेत.

मी त्या फोटोसमोर उभा राहिलो तेव्हा वाटलं, अजूनही परत जावं. रस्ता रिकामा होता.

१९ एप्रिल, गुरुवार

चौऱ्याऐंशीव्या मंदिराचा डोंगर सुरू होतो तिथे लाकडी निवारा आहे. आजोबा बाकावर बसून पायाच्या पट्ट्या बदलत होते. मला बघितलं आणि उठलेच. दोन्ही हात पसरून काहीतरी मोठ्याने बोलले. जवळ घेतलं मला. मी लाकडासारखा उभा.

मग मी खाली बसलो, मातीत, गुडघ्यांवर. पिशवीतून वाडगा काढला. त्यांच्याकडून कार्ड मागून घेतलं, त्यामागच्या माझ्या ओळीवर, उदोन लिहिलंय तिथे, बोट ठेवलं. वाडग्यात बाटलीतलं पाणी ओतलं. कागद सोडला, मूठभर इरिको त्या पाण्यात टाकले. बोटाने ढवळले. मग एकेक उचलून बाहेर काढला, सगळे, आणि पाणी राहिलेला वाडगा दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरला.

ते हसतच होते. त्यांना वाटलं मी काहीतरी गंमत दाखवतोय.

मी पुन्हा केलं. मासा आत. मासा बाहेर. उदोन. मिसो सूप. भोपळा. प्रत्येक ओळीवर बोट, प्रत्येक वेळी मासा आत, मासा बाहेर. तिसऱ्या वेळी त्यांनी माझं मनगट धरलं.

वाडगा घेतला. वास घेतला. आणि तो वास त्यांनी ओळखला. दहा दिवस जेवताना त्यांनी तोच वास घेतला होता, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. ते तोंड मी विसरणार नाही. रागाचं नव्हतं. राग असता तर बरं झालं असतं, आमच्या बोटीवरचा मुकादम कानाखाली वाजवायचा आणि विषय संपायचा.

मी कपाळ मातीला टेकलं. माफ करा म्हणालो. ही भाषा त्यांना येत नाही, तरी कितीतरी वेळा म्हणालो.

मान वर केली तेव्हा ते नळाशी होते. चुळा भरत होते. घशात बोट घालून कोरड्या उलट्या काढल्या, मग पुन्हा चुळा. गळ्यात सदऱ्याच्या आत काळपट लाकडी मण्यांची माळ होती, ती मी आज पहिल्यांदा पाहिली. ती त्यांनी डोक्यावरून काढली. मग घडी केलेल्या रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली, फोटोही सदऱ्यातून काढून त्याच रुमालावर ठेवला. का, मला कळलं नाही.

मला काहीतरी करायला हवं होतं. शेगडी पेटवली, पातेल्यात पाणी, कोम्बु, अळंबी. त्यांना एकेक वस्तू हातात दिली, बघा, मासा नाही. त्यांनी कोम्बु हुंगला, अळंबी हुंगली. मग पातेल्यावर वाकले आणि लगेच मागे सरले. पातेलं पायाने नव्हे, हाताने, हळूच माझ्याकडे ढकललं.

दुकानातलं पातेलं. किती वर्षं इरिको उकळलाय त्यात, देव जाणे. मला वास आला नाही. मला कसा येणार?

मी पातेलं उपडं केलं.

मग त्यांनी यात्रेची वही काढली, ज्यात प्रत्येक मंदिराचा शिक्का घेतात. पानं उलटली, मागे, मागे, सत्तराव्या शिक्क्यावर थांबले. तिथे बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं. मग काठी उचलली आणि डोंगराला पाठ करून, आले त्या दिशेने चालायला लागले.

आधी मला समजलं नाही. सत्तराव्यापासून सगळी वाट ते पुन्हा चालणार, हे समजल्यावर धावलो. हातांनी सांगितलं: चालू नका, गाडी आहे, परत जायला तरी गाडी. फार वेळ लागला. शेवटी ऐकलं.

आठ दिवस त्यांनी फोड आलेल्या पायांनी जे काढलं, ते खिडकीतून दोन तासांत उलटं गेलं. मंदिरांचे डोंगर एकेक करून मागे पडत होते. ते खिडकीतून बघत होते, मी त्यांच्या बुटांकडे बघत होतो.

२० एप्रिल, शुक्रवार

सकाळी आजोबा सत्तराव्या मंदिरातून निघून दुकानावरून गेले. मी दहा पावलं मागे. काल रात्रीपासून त्यांनी पाणी आणि दोन केळी एवढंच घेतलंय.

रांग लागलेली होती. मालक रस गाळायचं सोडून बाहेर आले, ॲप्रन काढला, कमरेत वाकले ते वर येईचनात. काकू त्यांच्या शेजारी तशाच. रांगेतले लोक बघायला लागले, कुणीतरी टोपी काढली, का काढतोय ते त्यालाही माहीत नसेल. आजोबांनी दोघांना हात जोडले आणि पुढे निघाले.

काकूंनी माझ्या हातात पिशवी दिली. नवं पातेलं, किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती. नवा वाडगा, नवा चमचा. “धुतलेसुद्धा नाहीत,” म्हणाल्या. “आमच्या मोरीत धुवायला नको वाटलं.”

मालक सरळ झाले. डोळे लाल, आवाज नेहमीचा. “उद्या चारला येणार आहेस की नाही? पोतं पडलंय.”

“नाही,” मी म्हणालो. “दहा-बारा दिवस येणार नाही. त्यांच्याबरोबर जातोय. मग येईन.”

असं वाक्य मी आजपर्यंत कुठल्याच मालकाला बोललेलो नाही. बाबांनाही नाही.

“सांगून जातोयस?” मालक काकूंकडे वळले. “ऐकलंस? सफरचंद सांगून जातंय!” मग माझ्याकडे न बघता, “पगार कापणार. जा.”

२५ एप्रिल, बुधवार

रोजचं असं: ते पुढे, मी मागे. नवं पातेलं त्यांच्याच पिशवीत असतं, मला हात लावू देत नाहीत. संध्याकाळी नळावर स्वतः घासतात, राखेने. भात आणि मीठ, कधी काकडी. कोम्बु मी दिला तो घेतला, पण शिजवला नाही. खाणावळी लागल्या की रस्त्याच्या पलीकडून जातात. त्या फोटोवाल्या पोरीने दारातून हाक मारली, “आजोबा, आज गरम गरम!” त्यांनी मान खाली घातली. मी आत जाऊन तिला सगळं सांगितलं. तिने भिंतीवरचा फोटो उतरवला आणि काउंटरमागे ठेवला. फाडला नाही, लावलाही नाही.

दुसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्यालाही सांगितलं. तो म्हणाला, “मग आता मी काय करू? जास्त वाढला होता मी.”

गाल पुन्हा बसलेत. तेही माझंच.

कार्डामागचं माझं लिहिणं त्यांनी खोडलं नाही. काल रात्री पेन माझ्या हातात दिलं आणि कार्ड पुढे केलं. मी स्वतः प्रत्येक ओळीवर रेघ मारली. खाली लिहिलं: “रसातही मासा नको. भांड्यालाही नको. आधी लिहिलं ते माझ्याकडून चुकीचं होतं.” सही केली. त्यांना वाचता येत नाही, तरी पुष्कळ वेळ बघत बसले.

माफ केलंय का, ते कळायला मार्ग नाही. मी विचारणारही नाही. विचारलं आणि त्यांनी मान हलवली तर मी त्यावर विश्वास ठेवीन, ही भीती आहे.

२९ एप्रिल, रविवार

शहाऐंशी. फोनच्या डब्याशी थांबलो. घरचा नंबर बोटांना पाठ आहे. बाबांनीच उचलला. मी म्हणालो, “कोहेई.” ते म्हणाले, “फुलं आलीत.” नाणं संपलं. वळून पाहिलं तर आजोबा पुढे गेले नव्हते. उन्हात काठीवर रेलून थांबले होते.

१ मे, मंगळवार

शेवटचा डोंगर दगडांना हाताने धरून चढावा लागतो. दोनदा त्यांचा पाय घसरला, दोनदा मी पाठीला हात लावला, दोन्ही वेळा त्यांनी लावू दिला.

दुपारी अठ्ठ्याऐंशीव्या मंदिरात पोहोचलो. आजोबांनी फोटो पायरीवर ठेवला. उभ्याने काही म्हणाले, मग बसून म्हणाले, मग नुसते बसले. मी लांब, झाडाखाली. त्या मुलाला मीही मनात सांगितलं, मी कोण आणि मी काय केलं ते.

शेवटी त्यांनी रुमाल उघडला. लाकडी माळ हातात घेतली, दोन्ही डोळ्यांना लावली आणि गळ्यात घातली.

यात्रा झाली. आता इथून बस आहे. मला वाटलं, ते मान हलवतील आणि जातील.

पण ते देवळाबाहेर ओढ्याकाठी बसले, पातेलं काढलं, भात लावला. माझा कोम्बुसुद्धा त्यात टाकला, धुऊन, हुंगून. भात झाल्यावर पिशवीच्या अगदी तळातून एक छोटा पितळी डबा काढला. हा डबा मी इतक्या दिवसांत पाहिला नव्हता. झाकण घट्ट बसलेलं, दगडावर आपटून उघडलं. आत पिवळी पूड, थोडीच, तळाशी. असला उग्र वास मला कुठेच आलेला नाही, बोटीवरही नाही.

माझ्याकडे बघून त्यांनी हाताची बोटं जुळवून तोंडाशी नेली आणि भुवया वर केल्या.

विचारत होते, खाल्लंस का?

मी सवयीने मान हलवणार होतो, हो, झालं माझं. हलवली नाही.

“नाही,” मी म्हणालो.

ते थोडे सरकले, शेजारी माणसाएवढी जागा झाली. माझ्या वाडग्यात गरम भात घातला. पितळी डबा माझ्या भातावर उपडा करून ठोकला, सगळी पूड माझ्याच भातावर पडली. बोटाने डबा पुसून तेवढीच स्वतःच्या भाताला लावली. मग पाणी घेऊन माझ्या वाडग्याभोवतीही गोल फिरवलं.

पूड कशाची आहे, मला माहीत नाही. मी कार्ड मागितलं नाही, चित्रावर बोट ठेवलं नाही.

खाल्ली.